घाम सुकतो का?

कुणी भेटलं की ‘कसं काय’ असं दादा विचारत नसत. विचारत, “घाम सुकतो का?”

आमच्या ऑफिसच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरलेल्या कुरिअरवाल्याला त्यांनी हे विचारलेलं मी ऐकलं आहे. तळमजल्यावर ट्रकमधून खोकी उतरवणाऱ्या बांगलादेशी कामगारांना तर ते रोजच विचारत. सिंगापूरच्या यिशुन भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, भाताच्या स्टॉलवर एक आंटी होती, तिच्याशी ते त्यांच्या मोडक्या सिंगापुरी इंग्रजीत बोलत. “आंटी, स्वेट ड्राय ऑर नॉट?” आंटी झारा आपटत म्हणे, “व्हेअर गॉट ड्राय! फॅन स्पॉइल ऑलरेडी लाह!” मग ते पुढचे आठ दिवस त्या बिघडलेल्या पंख्याची चौकशी करत. पंखा दुरुस्त झाला त्या दिवशी आंटीपेक्षा त्यांनाच जास्त बरं वाटलं होतं.

मी त्यांना दादा म्हणत असे. पहिल्या दिवशी मी सर म्हटलं तर म्हणाले, “सर म्हणणारे इथे पुष्कळ आहेत. दादा म्हण.” ते मूळचे चंद्रपूरचे. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने बारीक, बाही नेहमी मनगटापर्यंत बंद. ऑफिसात इतरांशी इंग्रजी, माझ्याशी आधी शाळेतल्यासारखं मराठी, आणि ओळख झाल्यावर त्यांचं चंद्रपुरी. त्याच पहिल्या दिवशी ते मला ‘जय भीम’ म्हणाले होते आणि मी ‘नमस्कार’ म्हणाले होते. त्यांनी ते ऐकलं, थोडं थांबले, आणि मला माझी खुर्ची दाखवली. मी पुण्याची, सदाशिव पेठेपासून फार लांब न वाढलेली. सिंगापूरला येऊन हवामानशास्त्रात मास्टर्स केलेली. मला तेव्हा वाटलं की आपण नुसता नमस्कार केला. आपण काय केलं ते त्यांच्या त्या थांबण्यातून मला कळायला हवं होतं.

आमचं ऑफिस सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसला. खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसत आणि त्यांच्यामागे धुरकट समुद्र. हवामानाचा अंदाज विकणारी छोटीशी कंपनी, माणसं अकरा. जहाजांना, समुद्रातल्या तेलाच्या फलाटांना आणि दूरदूरच्या बांधकामांना आम्ही रोज सकाळी पुढच्या काही दिवसांचा अंदाज पाठवत असू. त्याला ऑफिसात आउटलुक म्हणत. दादांकडे आखाती वाळवंटातला एक पट्टा होता. तिथे एक कंत्राटदार जमिनीत मोठमोठे पाइप गाडत होता. तिथली सकाळची पाळी सुरू व्हायच्या आत, म्हणजे आमच्याकडे नवाच्या आत, आउटलुक जायचा.

दादांनी ते वाळवंट कधी पाहिलं नव्हतं. दुबईच्या विमानतळावरसुद्धा उतरले नव्हते. पण त्या पट्ट्यातली ओढ्याची प्रत्येक कोरडी वाट त्यांना ठाऊक होती. उंट अडवायला घातलेलं कुंपण कुठे मोडलंय, टाकीचा ट्रक कुठल्या वळणावर रुततो, हे सगळं उपग्रहाच्या चित्रांतून आणि तिथल्या फोरमनशी बोलून त्यांनी गोळा केलं होतं. फोरमन करीमनगरकडचा होता. त्याला फोन करायची खरं म्हणजे परवानगी नव्हती, ग्राहकाशी बोलायचं ते फक्त बॉसने. दादा रोज सकाळी सात वाजता फोन लावत. “भाई, हवा सुनाव.” फोरमन बिचारा भल्या पहाटे तंबूबाहेर येऊन हात वर करून फोन धरी. इकडे दादा डोळे मिटून ऐकत. ताडपत्री फडफडतेय का, किती फडफडतेय, थांबून थांबून की सलग. कधी कधी मलाही ऐकायला लावत. मला नुसती खरखर ऐकू यायची. मी मान डोलवायची.

संगणकावर जे मॉडेल वाऱ्याचा वेग दशांशात सांगत होतं, ते सोडून हा माणूस ताडपत्री ऐकतो, याची मला गंमत वाटे. गंमतीपेक्षा थोडी लाजच वाटे. कारण यिशुनहून आम्ही एकाच एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, येत असू, आणि सकाळच्या गाडीत सगळे गप्प मोबाइल बघत बसलेले असताना दादा मोठ्या आवाजात मला विचारत, “आज तिकडं धूळ उठंल का वं, काय वाटते तुले?” पँटच्या खिशात त्यांच्या एक कांदा असे. चंद्रपुरात उन्हात निघताना लोक खिशात कांदा ठेवतात, ऊन लागू नये म्हणून. तुआस लिंक स्टेशनपासून ऑफिसपर्यंतच्या दहा मिनिटांसाठी हे सिंगापुरात कांदा बाळगत. मी एकदा म्हटलं, “दादा, याला काही शास्त्रीय आधार नाही.”

“मले मालूम आहे,” ते म्हणाले. “पण खिशात कांदा असला की आपण उन्हात चाललो हे ध्यानात राहते. माणूस मरतो थो विसरल्यानं मरतो.”

दुपारी बाराला ते डोक्याला दुपट्टा गुंडाळून खाली जात. हातात एका पट्टीवर बसवलेले दोन थर्मामीटर, एकाच्या तळाला ओलं फडकं बांधलेलं. कोरडा हवेची उष्णता सांगे, आणि ओला सांगे की पाणी उडून अंग किती थंड होऊ शकतं. कामगारांच्या बाजूला उभं राहून ते दोन्ही आकडे वहीत लिहीत. ही मोजमापं कुणी मागितली नव्हती. सिंगापूरचा अंदाज आमची कंपनी देतही नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “एसीत बसून उन्हाबद्दल लिहितो आपण. दिवसातून एकदा तरी घाम यायला पाहिजे.”

ऑफिसात सगळ्यांचा समज असा की यामागे काहीतरी जुनं दुःख असणार. भाऊ गेला असेल, बाप गेला असेल, उन्हाने. माझाही तोच समज होता. एकदा जेवताना मी धीर करून विचारलं. ते भाताचा घास हातात धरून हसले. “नाही बाई. माझ्या घरचं कोणी उन्हानं मेलं नाही. बापानं डांबराच्या रस्त्यावर तीस वर्षं काम केलं, म्हातारा होऊन खाटेवर गेला. आपल्या घरचं कोणी मेलं तरच माणसानं काळजी करायची असते का?”

त्यांनी घास तोंडात घातला.

आता आउटलुकमधल्या शेवटच्या ओळीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशी येऊन ठेपतं.

आउटलुक म्हणजे एक तक्ता. दिवस, जास्तीत जास्त तापमान, वारा, धूळ, दृश्यमानता, आर्द्रता. दादा तक्ता संपला की खाली एक ओळ आपल्या शब्दांत लिहीत. ‘अकरानंतर लोखंडाला उघडा हात लावू नये.’ ‘उद्या वारा पडेल, सावलीची जागा बदला.’ त्यांचं म्हणणं असं की आकडे वाचणारा माणूस ऑफिसात बसलेला असतो, आणि पाइप उचलणाऱ्यापर्यंत पोचते ती ओळ. आमचा बॉस सिंगापूरचाच, चिनी, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनीच मोठा. वाईट माणूस नव्हता. त्याला त्या ओळीची भीती वाटे. “आकडा चुकला तर आपण मॉडेलकडे बोट दाखवू शकतो,” तो म्हणे. “वाक्य चुकलं तर कुणाकडे दाखवणार?” पण दादा तिथे त्याच्याही आधीपासून होते, म्हणून तो चालवून घेई.

मलाही ती ओळ आवडत नव्हती. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा कुणाला बोलले नव्हते. इतकं शिकून आलेल्या माणसाने हवामानाच्या अहवालात गावच्या सरपंचासारखं बोलावं, हे मला खटके.

वाळवंटातला मे महिना फसवा असतो. एप्रिलमधली गडगडाटी वादळं संपलेली असतात. उन्हाळ्यातला वायव्येचा कोरडा वारा, तिकडे त्याला शमाल म्हणतात, तो अजून नीट लागलेला नसतो. मधल्या दिवसांत वारा कधी पडतो, आणि समुद्रावरची ओली हवा आत वाळूपर्यंत घुसते. तेव्हा तापमान उतरतं. तक्ता बघणाऱ्याला हायसं वाटतं. दादा अशा दिवसांना फार घाबरत. त्यांनी मला ते एकदा कागदावर दोन वर्तुळं काढून समजावलं होतं. “हे चंद्रपूर. ऊन भयंकर, पण हवा कोरडी. घाम सुकते, माणूस वाचते. हे सिंगापूर. घाम सुकत नाही, पण ऊन तेवढं नाही. तरी माणूस वाचते. आता चंद्रपूरचं ऊन आणि सिंगापूरची हवा एकाच दिवशी एकाच जागी आण.” त्यांनी दोन्ही वर्तुळं एकमेकांवर काढली, आणि पेन्सिल तिथेच टेकवून ठेवली.

शिवाय तिकडे उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते, पण ती जूनच्या मध्यावर लागते. मे महिन्यात नाही. त्यामुळे मे संपत आला की प्रत्येक कंत्राटदाराला घाई असते. बंदी लागायच्या आत जेवढं उरकेल तेवढं उरकायचं.

दादा वर्षातून एकच दिवस सुट्टी घेत, बुद्ध पौर्णिमेची. त्या दिवशी सिंगापुरात सगळ्यांनाच सुट्टी असते, पण आमच्याकडे पाळ्या चालत. टॅम्पिनीसला एका इंजिनिअरच्या फ्लॅटवर महाराष्ट्रातली बौद्ध कुटुंबं जमत. वंदना होई, मग खीर. खीर दादा करत. आदल्या संध्याकाळी त्यांनी आउटलुक तयार करून ठेवला आणि मला म्हणाले, “सकाळी एक नजर टाक आणि पाठव. तीन दिवसांनी समुद्राची हवा आत येते असं दिसते. ओळ लिहून ठेवली आहे.”

ओळ अशी होती: ‘तापमान उतरेल, पण घाम सुकणार नाही. दुपारचं काम बंद ठेवावं. नव्याने आलेल्या माणसांना उन्हात मुळीच पाठवू नये.’

सकाळी साडेआठला बॉसचा घरून फोन आला. मागे त्याच्या मुलाचा आवाज येत होता. ग्राहकाला आदल्या रात्रीच कच्चा तक्ता गेला होता आणि तिथल्या माणसाने तक्रार केली होती. तक्ता म्हणतो तापमान चार अंशांनी खाली येणार, आणि खालची ओळ म्हणते काम बंद ठेवा. दोन्हीपैकी खरं काय ते एकच सांगा.

“आकडे बरोबर आहेत?” बॉसने मला विचारलं.

“बरोबर आहेत.”

“आर्द्रता तक्त्यात आहे?”

“आहे. सहाव्या रकान्यात.”

“मग ती ओळ म्हणजे मत झालं, नाही का? यू आर द ट्रेन्ड वन. तू सांग. ती ओळ लागते का?”

मला दादांना फोन करता आला असता. टॅम्पिनीस काही चंद्रावर नव्हतं. बॉसने मला दम दिला नव्हता, नोकरीचं नाव काढलं नव्हतं. त्याने विचारलं, आणि पहिल्यांदाच मला कुणीतरी शिकलेली म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, “नाही. आकडे पुरेसे आहेत.”

“दॅट्स व्हॉट आय थॉट,” तो म्हणाला. मी ओळ काढली आणि आउटलुक पाठवला. खाली तयार करणारा म्हणून दादांचं नाव होतं. ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दादा डब्यातून माझ्यासाठी खीर घेऊन आले. “गेला ना वेळेवर?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्यांनी त्या दिवशी आणि पुढच्या दिवशीही पाठवायच्या आउटलुकात तीच ओळ लिहिली असती तर? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. लिहिली नाही, कारण त्यांचा नेम होता की एक इशारा एकदाच द्यायचा. रोज ओरडलं की लोक ऐकेनासे होतात, असं ते म्हणत. ओळ गेली आहे अशा समजुतीत त्यांनी पुढच्या दोन्ही आउटलुकांखाली फक्त लिहिलं, ‘आधीची सूचना कायम.’ ती सूचना काय, हे तिकडे कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमाराला दादांचा मोबाइल वाजला. फोरमन कधी त्या वेळी फोन करत नसे. दादा उभे राहिले. मी समोरच्याच टेबलावर होते. ते फारसं बोलत नव्हते. “हां… हां… पानी पिया था?… कितना?… बदन गीला था या सूखा?” मग बराच वेळ नुसतं ऐकलं. शेवटी, “कब आया था वो?”

फोन ठेवून ते बसले. कामावर येऊन तीनच आठवडे झालेला एक माणूस होता. सिरोंचाकडचा, म्हणजे दादांच्याच बाजूचा, गोदावरीकाठच्या गावचा. सकाळपासून खड्ड्यात पाइपाला पट्टे बांधत होता. बाटली दोनदा भरून प्यायला होता, फोरमनने स्वतः भरून दिली होती. तिकडचे अकरा वाजायच्या सुमाराला सावलीत जाऊन बसला. अंग घामाने चिंब होतं आणि हाताला भाजेल इतकं तापलं होतं. तो काहीतरी भलतंच बोलायला लागला, मग बोलायचा थांबला. गाडी येईपर्यंत संपला होता.

दादांनी मला बुद्ध पौर्णिमेच्या दिवसाचा आउटलुक छापून मागितला. जसा पाठवला होता तसा. मी तो प्रिंटरवरून आणून दिला. त्यांनी कागद घेतला, वरून खालपर्यंत वाचला, आणि जिथे ओळ असायला हवी होती त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते वेळेआधी घरी गेले.

चौकशी झाली. ग्राहकाने पत्र पाठवून विचारलं की आमच्या पक्क्या अंदाजात धोक्याची सूचना होती का. कच्च्या तक्त्याखालची ओळ त्यांनी वाचली होती, याचा पत्रात उल्लेख नव्हता. मीटिंगच्या खोलीत बॉस, दादा आणि मी. बॉसचा चेहरा उतरला होता. त्यालाही झोप नव्हती, हे दिसत होतं. त्याने विचारलं, “सूचना नव्हती, याचं कारण म्हणून काय लिहायचं?”

मी पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. सिंगापुरात काम करायचा माझा पास नव्याने झाला होता. पुण्याला आईबाबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं होतं की मुलगी सिंगापूरला कायमची राहणार. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं असं म्हणणं खोटं होईल. डोक्यात काहीच नव्हतं. तोंड उघडत नव्हतं, एवढंच.

दादा म्हणाले, “आउटलुक माझा आहे. खाली माझं नाव आहे. तसं लिहा.” तापमान सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं.

बॉसने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग त्याने तसंच लिहिलं. ऑगस्टमध्ये दादांच्या पासची मुदत संपत होती. कंपनीने नव्यासाठी अर्ज केला नाही.

त्यानंतर आम्ही एमआरटीत वेगवेगळ्या डब्यांत बसायला लागलो. म्हणजे मी बसायला लागले. जुलैत एके दिवशी तुआस लिंकला ते मी चढले त्याच डब्यात आले आणि माझ्या शेजारी बसले. डबा जवळजवळ रिकामा होता. ज्युरोंग ईस्टपर्यंत वेळ होता.

“ओळ काऊन काढली?” त्यांनी विचारलं.

“बॉसने सांगितलं.”

“बॉसनं काय सांगितलं थे मले मालूम आहे. त्यानं सांगितलं मले, रडला माझ्यापुढं. तू काऊन काढली, थे विचारून रायलो.”

दोन स्टेशनं गेली. मी म्हटलं, “मला ती शास्त्रीय वाटली नाही.”

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. “हे खरं बोलली,” ते म्हणाले. “आता ऐक. त्या माणसाच्या घरी कंत्राटदाराचा कागद गेला आहे. त्यात लिहिलं, तो पाणी प्यायला नाही, स्वतःच्या हलगर्जीनं गेला. फोरमन सांगून रायला की प्यायला. पण फोरमनचं कोण ऐकते. तू लिहून दे. की अशी ओळ होती, हवा धोक्याची आहे हे आधी मालूम होतं, अमक्या दिवशी मी ती काढली. मी गावी चाललोच आहे. त्याच्या बायकोच्या हातात देतो.”

“विचार करते,” मी म्हटलं.

“कर.”

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ते गेले. दोन थर्मामीटरची पट्टी त्यांनी खालच्या बांगलादेशी मुकादमाला दिली, फडकं कसं भिजवायचं ते दाखवून. मी विमानतळावर गेले नाही. कामाचं निमित्त सांगितलं, आणि ते म्हणाले, “हाव, काम महत्त्वाचं.” त्यात टोमणा नव्हता. त्यांना टोमणे मारता येत नसत.

विचार करते म्हणून मी आठ महिने काढले. वाळवंटाचा पट्टा माझ्याकडे आला. हिवाळ्यात तिथे काही नसतं, सकाळी धुकं, रात्री थंडी. मी तक्ते पाठवत होते. खाली ओळ लिहीत नव्हते. दादांचा एकदाही मेसेज आला नाही. दिवाळीला नाही, नव्या वर्षाला नाही. मीही केला नाही. कुणी मराठी माणूस भेटला आणि त्यांच्याबद्दल विचारलं तर मी त्यांच्या कांद्याची गोष्ट सांगत असे. लोक हसत. त्या हसण्यात मीही असे, आणि घरी येऊन मला जेवण जात नसे.

एप्रिलमध्ये हवा पुन्हा तापायला लागली. मोसमातला पहिला मोठा आउटलुक लिहायला बसले. तक्ता भरला. खाली तयार करणारी म्हणून माझं नाव घालायचं होतं, आणि ते टाइप करताना मला एकदम वाटलं की आपलं नाव या जागी उशिरा येतंय. गेल्या मेमध्येही ते इथेच यायला हवं होतं. मी खुर्चीवरून उठून खाली गेले, ट्रकच्या सावलीत उभी राहिले, परत आले.

त्या संध्याकाळी मी दोन पानं लिहिली, मराठीत. दादांनी लिहिलेला मूळ आउटलुक सर्व्हरवर होता, तो जोडला. मी पाठवलेला जोडला. फोनवर बॉसने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते शब्दन् शब्द लिहिलं. फोरमनला शोधून काढून त्याच्याकडून दोन ओळी घेतल्या. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. दुसऱ्या दिवशी एक प्रत बॉसच्या टेबलावर ठेवली. त्याने दोन्ही पानं वाचली. मग म्हणाला, “यू नो व्हॉट विल हॅपन, राइट?” मी म्हटलं, हो. जे व्हायचं ते पुढे झालं. मी आता त्या ऑफिसात नाही, दुसरीकडे आहे, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

दादांचं उत्तर एका शब्दाचं आलं. “मिळालं.”

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, मी यिशुनच्या खोलीत कपडे वाळत घालत होते तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज थकलेला होता. चंद्रपूरहून आदल्या दिवशी निघाले होते, आलापल्लीला मुक्काम करून पहाटेची बस पकडून सिरोंचाला पोचले होते. तिथून पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर. मागे कोंबड्यांचा आणि कुणाच्या तरी भांडी घासण्याचा आवाज येत होता.

“तुझा कागद वाचून दाखवला,” ते म्हणाले. “दोनदा वाचला. घरी तेलुगू बोलतात, पण बाईले मराठी समजते, शाळा शिकली आहे.”

“काय म्हणाल्या?”

“तिनं एकच विचारलं. मालूम होतं, तर सांगितलं काऊन नाही?”

मी हातातला ओला टॉवेल धरून उभी राहिले. “तुम्ही काय सांगितलं?”

“मी काय सांगू? मी नव्हतो त्या दिवशी. म्हणलं, जिनं लिहिलं तिलेच विचार. बाई इथंच बसली आहे. देतो.”

मी थांबा म्हणायच्या आत फोन दुसऱ्या हातात गेला होता. तिकडून श्वास ऐकू आला. मग एक तरुण आवाज, माझ्याहून लहान असावी असा, जपून जपून मराठीत म्हणाला, “बोला, बाई.”

मी माझं नाव सांगितलं. मग त्या सकाळी साडेआठला फोन आला तिथपासून सगळं सांगितलं. मला काय विचारलं, मी काय म्हटलं. ओळ मला का आवडत नव्हती तेही सांगितलं. ते तिला कितपत कळलं असेल ठाऊक नाही, पण ती एकदाही मध्ये बोलली नाही. चूक माझी होती असंही मी म्हटलं. तिने मला माफ केलं नाही आणि मी ते मागितलंही नाही.

माझं सांगून संपलं. मग तिने विचारलं, “म्हणजे ते पाणी प्यायले होते?”

“हो,” मी म्हटलं. “दोनदा बाटली भरून. फोरमनने स्वतः दिली होती.”

“बरं,” ती म्हणाली. “मुलींना तेवढं सांगते. दोघी रोज विचारतात, बाबा पाणी का नाही प्यायले म्हणून.”